मासे न खाणाऱ्या घरची आगोट

मे महिना उतरणीला लागला की आमच्या घरावर दोन वासांचं राज्य सुरू होतं. एक अंगणात वाळणाऱ्या आमसुलांचा. तो आंबटगोड, घरंदाज, दारात उभा राहून आत येऊ का विचारणारा. दुसरा सुकटीचा. त्याला विचारण्याची सवय नाही. तो पडवीत येतो, माजघरात येतो, उशीच्या अभ्र्यात शिरतो आणि श्रावणापर्यंत मुक्काम ठोकतो. मी अलिबागला नोकरी करते, पण या दिवसांत रजा टाकून दिवेआगरला येतेच. गाडीतून उतरून वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पोहोचले की आधी नाक पुढे जातं आणि मग मी.

पाऊस लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात भरून ठेवायची, तिला आमच्या किनाऱ्यावर आगोट म्हणतात. लाकूडफाटा रचायचा, पापड वाळवायचे, मीठ-मसाला-कडधान्यं डब्यांत भरायची, झावळ्यांचे झाप विणून पडवीला लावायचे. आणि ज्यांच्याकडे मासे खातात त्यांच्याकडे सुकी मासळी. समुद्र बंद झाला की ताजं काही मिळत नाही, म्हणून बोंबील, सुकट आणि सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, डबे भरभरून ठेवायचे. आता आमच्या घरी हे सगळंच असतं. वादळात नारळी-पोफळीची निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून बाबांनी मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात आणि आई त्यांना मासळीचं जेवण करून घालते. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका पाहुण्यांनी सोड्यांचा रस्सा भुरकून झाल्यावर आईला सांगितलं, की ही चव पिढ्यान्पिढ्या घरात मुरल्याशिवाय येत नाही हो. आई गंभीरपणे म्हणाली, अगदी बरोबर. भिंतीवरच्या फोटोतले आप्पा, म्हणजे माझे आजोबा, जानवं सावरून समोर बघत होते. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायला आत गेले.

कारण आमच्या घरी मासे शिजत नाहीत, हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकलेली आहे. ग्रामदेवतेच्या जत्रेत पहिला नारळ वाढवायचा मान आमच्या घराकडे होता. तो आप्पांच्या वडिलांकडून आप्पांकडे आला होता आणि पुढे बाबांकडे जायचा होता. आप्पांनी तो मान तळहातावरच्या दिव्यासारखा जपला. मासे सोडाच, शेजारच्या आळीत कुणी मासळी तळायला घेतली तर आमच्याकडे खिडक्या लागायच्या. घरात माणसं चारच होती. आप्पा, शाळेत शिकवणारे बाबा, बालवाडी चालवणारी आई आणि मी. आप्पांची बायको, म्हणजे माझी आजी, माझ्या जन्माआधीच गेलेली. आईच्या माहेरचं कुणीच नव्हतं. ती पेणकडची, आईवडील लहानपणीच गेले, वसतिगृहात राहून शिकली, एवढंच आम्हाला आणि गावाला ठाऊक होतं.

आणि तरीही दर आगोटीला आमच्याकडे एक कोळीण यायची. तिला आम्ही रेवदंड्याची मावशी म्हणायचो. रेवदंड्याहून एसटीने मुरूड, तिथून राजपुरी, राजपुरीहून लाँचने खाडी ओलांडून दिघी, दिघीहून पुन्हा एसटी, असा द्राविडी प्राणायाम करून, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर पाटी घेऊन ती आमच्या अंगणात उभी राहायची. भरडखोलचा कोळीवाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या बायका रोज आळीतून ओरडत जायच्या, पण त्या आमच्या बेड्याशी थांबत नसत. अख्ख्या रायगड जिल्ह्यात मासे न खाणारं एक घर शोधून, तिथे मासळी विकायला इतक्या लांबून येणारी बाई म्हणजे धंद्यात अगदीच कच्ची असणार, असं मला वाटायचं.

आप्पांनी याचं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. ती मासळी खतासाठी. नारळाच्या आळ्यात सुक्या मासळीचा चुरा घालतात हे खरंच आहे, झाडाला ते मानवतं. फक्त बाकीचे लोक त्यासाठी किडकं-तुटकं, पायदळी आलेलं घेतात. आमच्या झाडांना मात्र निवडलेले, सारख्या आकाराचे, गुलाबी झाक असलेले सोडे लागत. शिवाय लख्ख वाळलेले बोंबील आणि वाळूचा कण नसलेली सुकट. आमची झाडं भारी चोखंदळ होती.

मावशी यायची तो दिवस घरात वेगळाच उगवायचा. एरवी सकाळी वाडीत झाडांचं शिपणं बघायला जाणारे आप्पा त्या दिवशी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून राहायचे. आई दोनदा केस विंचरायची. मग मावशी यायची, पाटी उतरवायची आणि आईकडे न बघता म्हणायची, मालकीणबाई, माल बघून घ्या. आई म्हणायची, मावशी, आधी पाणी घ्या. मालाकडे दोघींचंही लक्ष नसायचं. मावशी माझ्याकडे बघायची. मला जवळ बोलवायची, खांद्याला हात लावून उंची जोखायची, कितवीत गेलीस, ताप आला होता का मध्ये, केस का कापलेस, असं काहीबाही विचारायची. सराईत विक्रेतीला गिऱ्हाइकाच्या घरच्या पोरांचं कौतुक करावंच लागतं, अशी मी माझी समजूत घातली होती. तिचे हात खरखरीत होते आणि त्यांना मिठाचा वास यायचा. मला ते हात आवडायचे, का ते माहीत नसताना.

ती गेल्यावर चार दिवसांनी, वारा समुद्राकडून वाडीकडे असेल अशी दुपार बघून, आई विहिरीमागच्या खोपीत जायची. तिथे तीन दगडांची चूल होती. मी विचारलं तर खत भाजावं लागतं, नाहीतर मुंग्या लागतात, असं उत्तर मिळायचं. खत भाजताना कांदा कशाला चिरतात हे विचारण्याइतकी मी चौकस नव्हते, किंवा विचारू नये हे मला कुठेतरी कळत होतं. बाबा त्या वेळी खोपीबाहेर उभे राहून उगीच एखादी झावळी ओढत असायचे. सुकटीचा वास ही गुपित ठेवण्यासाठी जगातली सगळ्यात नालायक वस्तू आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर झाकायला कोंबडंही नव्हतं, नुसता वास होता. आप्पा झोपाळ्यावर बसून म्हणायचे, आळीत कुणाकडे तरी काहीतरी चाललंय. आणि खिडकी लावायला मात्र विसरायचे.

घरातली गुपितं मुलांना कळत नाहीत असं मोठ्यांना वाटतं. मला वाटतं, मुलांना ती फार आधी कळतात, फक्त त्यांना नाव देता येत नाही. एखाद्या खोलीत सामान कुठे आहे हे अंधारातही पायांना ठाऊक असतं, तसं असतं ते. मी आईला माहेराविषयी विचारायचं टाळायचे. आईने काही सांगितलं असतं तर ते खरं नसतं, आणि खोटं बोलताना आईचा चेहरा मला बघवत नसे.

पण मे महिना मोठा दुष्ट होता. वार्षिक परीक्षा संपली की वर्गातली पोरं मामाच्या गावाला पांगायची. कुणाचा मामा रोह्याचा, कुणाचा महाडचा, कुणाचा थेट कल्याणचा. जूनमध्ये शाळा भरली की मामाच्या गोष्टींची जत्रा. मला मामाच नव्हता. मग मी एक तयार केला. तो मोठ्या जहाजावर होता, म्हणून सुट्टीत भेटायचा नाही, आणि त्याच्या टोपीवर सोनेरी नांगर होता. मामाचं जहाज दरवर्षी एकेक मजला वाढत गेलं. आठवीत बाईंनी तो कुठल्या बंदरात आहे असं विचारलं, तेव्हा मी त्याला घाईघाईने लांबच्या समुद्रात पाठवून दिलं. मुलं हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र मला रडू आलं, कारण इतकं सगळं करूनही तो मला एक बर्फाचा गोळासुद्धा घेऊन देणार नव्हता.

दहावीची परीक्षा दिली ती सुट्टी तर संपता संपेना. निकाल लांब, अभ्यास नाही, घरच्यांच्या लेखी मी एकदम मोठी आणि म्हणून सगळ्या कामांना मोकळी. मी आमसुलं उलटली, पापड लाटले, झाप विणताना बोटं कापून घेतली. त्याच दिवसांत शेजारची कुंदाताई माहेरपणाला आली होती. आदल्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. ती परत निघाली त्या दिवशी मी तिच्या घरी होते. तिच्या आईने तिला पाटावर बसवून ओटी भरली, तांदूळ आणि नारळ पदरात घातला. मग कुंदाताईने ओटीतले चिमूटभर तांदूळ काढून आईच्या पदरात परत टाकले. मी विचारलं, दिलेलं परत कशाला करतात? कुंदाताईची आई डोळे पुसत म्हणाली, की लेक निघताना तेवढे माहेरी ठेवून जाते. माहेर भरलेलं राहावं म्हणून. हे फक्त लेकीनं आईला द्यायचं असतं, दुसऱ्या कुणी कुणाला नाही.

हे ऐकताना मला काहीतरी टोचलं. ही चिमूट मी कुठेतरी पाहिली होती. पण कुठे, ते आठवेना.

मावशी आली ती आठवड्याभराने, जरा उशिराच. बेड्यातून आत येताना तिने पाटी नेहमीसारखी डोक्यावर घेतली नव्हती, कमरेवर धरली होती आणि मध्येच ती थांबत होती. आईचा हात पुढे झाला आणि मागे आला. मावशीने पाटी उतरवली, पाणी प्यायली, माझी उंची जोखली. जेवण झालं, ती पडवीतच वेगळी जेवायची, आणि निघायची वेळ आली तेव्हा ती मालाकडे बघत म्हणाली,

"मालकीणबाई, फुडच्या सालाला मी काय येनार न्हाय. गुडघं लाँचीत चढू देत न्हाईत. कुनाच्या तरी हाती धाडीन माल."

आई नुसतं बरं म्हणाली. त्या एका बरंमध्ये जे काही होतं, ते ऐकून झोपाळा थांबला. कड्यांची कुरकुर बंद झाली म्हणून मी वर पाहिलं, तर आप्पा आपल्या पावलांकडे बघत होते.

मग मावशीने दरवर्षी करायची तेच केलं. कनवटीची तांदळाची पुरचुंडी सोडली, आमच्याच ढिगातला एक नारळ उचलला आणि आईच्या पदरात घातला. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या घरी येणाऱ्या बाईची ओटी आई भरते, मावशीच्या बाबतीत तेवढं उलटं होतं, आणि मला वाटायचं, कोळणींची रीत असेल. पण त्या दिवशी माझी नजर आईच्या हातावर होती. आईने पदरातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि सगळ्यांची नजर चुकवून मावशीच्या रिकाम्या पाटीत सोडले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी सुट्ट्याच्या सुट्ट्या मामा शोधत समुद्र पालथे घातले, आणि आईची आई दरवर्षी आमच्या पडवीत बसून पाणी पीत होती. राग आला का मला? आजही मला वाटतं, यायला हवा होता. पण आला तो आनंद, इतका की काय करावं ते कळेना, आणि त्याच्या पाठोपाठ भीती. ती आता पाटी उचलणार होती. एकदा बेड्याबाहेर गेली की पुन्हा येणार नव्हती. तिच्याऐवजी पुढच्या वर्षी एक पिशवी येणार होती, आणि पिशवीच्या पदरात तांदूळ टाकता येत नाहीत.

मी पडवीतून उतरले, चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलली. ती रिकामी होती तरी मला तोल सांभाळता येईना.

"मावशी, पाटी मी घेते," मी म्हणाले. "मलाही तुमच्याबरोबर यायचंय. सगळे मामाच्या गावाला जाऊन आले, मीच राहिलेय."

आई खांबाला धरून उभी होती. बाबांनी आप्पांकडे पाहिलं, मावशीने जमिनीकडे. जे बोलायचं ते आता आप्पाच बोलणार होते. घर त्यांचं, शब्द त्यांचा, देवळातला मान त्यांचा. ते झोपाळ्यावरून उठले, काठी न घेताच नारळाच्या ढिगापर्यंत गेले, एक नारळ कानाशी धरून हलवला, दुसरा हलवला, आणि चांगले बघून दोन निवडले.

"व्याह्यांकडे पहिल्यांदा जातेयस," ते म्हणाले. "रिकाम्या हाताने जाऊ नये. पाटी खाली ठेव, नारळ भरू."

व्याही हा शब्द आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारला नव्हता. मावशीने पदर तोंडाशी नेला. आप्पा मात्र पाटी भरेपर्यंत नारळच निवडत राहिले, आणि शेवटी ती इतकी जड झाली की बाबांनाच ती स्टँडपर्यंत न्यावी लागली.

वाटेत बाबांनी सगळं सांगितलं. त्यांची पहिली नेमणूक रेवदंड्याच्या शाळेत होती, आई त्याच शाळेत नवी लागलेली. दोघांनी घरी न सांगता लग्न केलं. आप्पांनी सुनेला घरात घेतलं, पण एका अटीवर, की ती कुठली हे गावाला कळता कामा नये. तिकडे आईच्या वडिलांनी, लेक न सांगता गेली म्हणून, तिचं नाव घेणं सोडलं. मग माझा जन्म झाला आणि मावशी, म्हणजे आजी, एकटीच येऊन आप्पांसमोर उभी राहिली. ती म्हणाली, मी महिन्याच्या महिन्याला नातीला बघायला येणार. आप्पा म्हणाले, कधीच नाही. आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईशी आप्पा घासाघीस करायला बसले, तिथेच ते हरले. सौदा आगोटीवर पटला. वर्षातून एकदा, विक्रेती म्हणून, आणि खताची सबब आप्पांनी स्वतः पुरवायची. आजी मागे राहून ऐकत होती. ती म्हणाली, एवढा कडक गिऱ्हाईक मला दुसरा भेटला न्हाय.

मग आज आप्पा एका वाक्यात कसे वळले, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, त्यांना ती अट कधीचीच मागे घ्यायची होती. पण म्हाताऱ्या माणसाला आपला शब्द मागे घ्यायला निमित्त लागतं, आणि घरात ते द्यायची कुणाची छाती झाली नाही. पुढे गावात कळलं तेव्हा आप्पा आठवडाभर देवळाकडे फिरकले नाहीत. शेवटी पुजारीच घरी आले आणि म्हणाले, आप्पा, आम्हाला नाकं आहेत. गावाला सगळं ठाऊक होतं, आम्हीच ते जिवापाड लपवत होतो. पहिला नारळ त्या वर्षीही आप्पांनीच वाढवला.

लाँचमध्ये आजीने माझा हात सोडला नाही. दिघी मागे पडली, खाडीचं पाणी लाटांनी उसळायला लागलेलं, पावसाआधीचा तो दमट, जड वारा. मी तिला आजी अशी हाक मारून बघितली. तोंडाला ते नवं होतं, पण दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बसलं. ती खूप बोलली. आईचे वडील, माझे तिकडचे आजोबा, कसे हट्टी आहेत ते सांगितलं. लेकीचं नाव काढत नाहीत, पण आगोटीला पाठवायचे सोडे दुसऱ्या कुणाला निवडू देत नाहीत, स्वतः चटईवर बसून एकेक दाणा बघतात. मला त्या क्षणी आमच्या नारळाच्या झाडांची थोडी लाज वाटली.

साळावचा पूल ओलांडून रेवदंड्याला उतरलो, तर आजीला न्यायला स्टँडवर मामा उभा होता. मामा नाखवा होता, म्हणजे स्वतःच्या होडीचा मालक. होडी त्याच दिवशी किनाऱ्यावर ओढून घेतलेली, त्यामुळे गुडघ्यापर्यंत चिखल आणि अंगाला वंगणाचा वास. जहाज थोडं लहान निघालं आणि टोपीला नांगर नव्हता, बाकी तपशील जुळत होता. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन मला गोळा घेऊन दिला. मी दहावी दिलेली मुलगी, पण तो गोळा मी रस्त्यात उभी राहून लहान पोरीसारखा खाल्ला.

कोळीवाड्यात शिरताना मी आजीच्या मागे मागे राहू लागले. आता कोण कोण विचारणार, ही कुणाची, आणि आजी काय सांगणार, हेच डोक्यात चाललं होतं. दोन्ही बाजूंना बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या, त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले, आणि खाली बायका वाळलेला माल काढायच्या घाईत. एकीने मान वर केली. तिने आजीला काहीच विचारलं नाही. हातातले बोंबील तसेच धरून ती माझ्यासमोर आली आणि माझी हनुवटी वर केली.

"फुडचा दात सरळ आला काय गो? बगू."

लहानपणी झोपाळ्यावरून पडून माझा पुढचा दुधाचा दात तुटला होता. दुसरीने विचारलं, गणितात अजून गोंधळतेस का. तिसरीला माहीत होतं की मला अंधाराची भीती वाटते आणि मी शेवग्याच्या शेंगा खात नाही. आजी दर आगोटीला येताना माल आणायची आणि जाताना मला घेऊन जायची, बातमी बातमी करून. या वाड्यात मी कधीची राहत होते. माझे ताप इथे आले आणि उतरले होते, माझे निकाल इथे लागले होते. आयुष्यभर मला वाटत होतं की अर्धी मी कुठेतरी हरवलीय. ती हरवलेली नव्हती. तिला इथे नीट वाढवत होते.

आज माझी मुलगी मला विचारते, की आई, आपण नेमके कोण? शाळेत कुणीतरी विचारलेलं असतं. मी तिला सांगते, तू नारळवाल्यांची आणि नाखव्यांचीही. ती म्हणते, म्हणजे दोन्ही? मी म्हणते, दोन्हीकडचं जेवण मिळतं, तक्रार काय आहे? तिला ते पटतं. मला पटायला वेळ लागला, कारण मला कुणी विचारायच्या आत उत्तर शिकवून ठेवलेलं होतं.

आजोबा घराच्या ओसरीवर जाळं शिवत बसले होते. बाकी सगळा वाडा माझ्याभोवती गोळा झाला, तेच तेवढे उठले नाहीत. मी नमस्कार केला तेव्हा सुई थांबली. वर न बघता त्यांनी विचारलं,

"सोडं कसं लागतान आमचं?"

मी खरं तेच सांगितलं, की मी कधी खाल्ले नाहीत. आमच्या घरी मला ते खत म्हणून सांगितलं होतं. आजी चुलीकडे निघून गेली. आजोबांनी जाळं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे आईचे होते.

"मंग आमी इतकी सालं कोनासाठी धाडत व्हतो?"

तेवढ्यात आजीने ताट आणलं. तांदळाची भाकरी, भात आणि लालभडक कालवण, मोसमातल्या शेवटच्या ताज्या मासळीचं. सगळा वाडा ओसरीच्या कडेला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मला कळत होतं की हा घास साधा नाही. हा मला आवडायलाच हवा होता. रक्ताची ओढ वगैरे असते ना, ती आता जिभेवर उमटायला हवी होती. मी घास घेतला. तिखट, आंबट, त्याच्या मागून तो वास, ज्याच्यासाठी आमच्याकडे खिडक्या लागायच्या. माझं तोंड माझ्याही नकळत वाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने, आणि तेवढंच नाही. मला वाटलं, संपलं. इथलीही नाही मी.

आजोबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला आला. आजीने पाणी दिलं तरी थांबेनात. त्यांनी ताटातल्या माशाचा काटा काढून माझ्यासाठी दुसरा घास केला, लहानसा, भात जास्त असलेला, आणि माझ्यासमोर धरला.

"तुजी आयस पन लहानपनी असाच तोंड वाकडा करायची," ते म्हणाले. "नाखव्याची पोर, आनि मासला बगून पलायची. मीच भरवायचो." मग थोडं थांबून, जाळ्याकडे बघत, "तिला सांग, आगोट हाय. हात कमी पडतात. ये म्हनावं."

माशाचं ताट बघून पळणारी ती पोर आमच्या वाडीत विहिरीमागे लपून, वारा बघून, झाडांच्या वाट्याचं भाजून खात होती. माणूस कुठलं असतं ते त्याला घरात राहून कळत नसावं, दूर गेल्यावर भूक सांगते. मी तो दुसरा घास खाल्ला. तो जरा बरा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाबरोबर नाक्यावरच्या बूथवर जाऊन मी शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि आईला बोलावलं. ती धावत आली असावी, तिला धाप लागली होती. मी सगळं सांगू लागले, दात, गोळा, कालवण, पण तिला ते काही ऐकायचं नव्हतं. ती एवढंच विचारत होती, ते काय म्हणाले. मी आजोबांचं वाक्य म्हणून दाखवलं. आई म्हणाली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, तसंच, ते म्हणाले तसंच सांग, त्यांच्या बोलीत. मी जमेल तसं सांगितलं, हात कमी पडतात, ये म्हनावं. मामाने मान वळवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

नंतर आईने नाक ओढलं, घसा खाकरला आणि बालवाडीतल्या आवाजात विचारलं, "दिघीहून लाँच कितीला सुटते ग हल्ली?"